खेळाचा क्षण आणि माणसाचा चेहरा

जें डोळ्यांनीं पाहावयाचें तें कानांवाटे सांगण्याचें काम आज माझ्याकडे आलें आहे. छायाचित्रांविषयीं बोलावयाचें, आणि दाखवावयास हातांत एकहि चित्र नाहीं! परंतु नकाशा नसतांना भूगोल शिकविण्याचा प्रसंग खेड्यांतील मास्तरावर पुष्कळदां येतो. त्या संवयीच्या जोरावरच हें धाडस करीत आहें.

प्रथम माझा अधिकार सांगून टाकतों. मी नामांकित छायाचित्रकार नव्हें. शिरूर तालुक्यांतील सणसवाडी येथें राहणारा, मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत आयुष्य काढलेला आणि आतां साठी ओलांडलेला एक निवृत्त मास्तर आहें. सेवेंतून मोकळा झालों तेव्हां मुलानें एक कॅमेरा आणून दिला आणि बजावलें, "बाबा, आतां नुसते घरांत बसून राहूं नका." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें दाखविणाऱ्या माणसाला उतारवयांत स्वतःच्या चुकांचा एवढा मोठा ढीग पाहावयास मिळेल असें वाटलें नव्हतें. आज त्या ढिगाविषयींच बोलावयाचें आहे. कारण थोडेंफार जें कांहीं शिकलों तें त्यांतूनच शिकलों. त्यांतील एक गोष्ट वेळेवर शिकलों नाहीं, याची खंत आहे. तीहि सांगेन.

आमचें गांव पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोरेगांव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्यें आहे. माझ्या लहानपणीं जेथें बाजरीचीं शेतें होतीं तेथें आज कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत, आणि पाळी सुटण्याच्या वेळीं रस्ता ओलांडणें हें एक कसबच होऊन बसलें आहे. तरीपण यात्रांचे दिवस आले कीं आमच्या भागांत कुस्त्यांचे आखाडे भरतात, संध्याकाळीं पोरें कबड्डीच्या रेघा आंखतात, आणि बैलगाड्यांचे मालक बैलांच्या पाठीवरून हात फिरवूं लागतात. हातांत कॅमेरा आल्यावर खेळाचीं चित्रें काढण्याचा मोह मला झाला यांत नवल नाहीं.

बैलगाड्यांची शर्यत ज्यांनीं पाहिली नसेल अशा शहरांतील श्रोत्यांसाठीं दोन शब्द सांगतों. शर्यतीच्या चढत्या वाटेला आमच्याकडे घाट म्हणतात. चार बैल जुंपलेला हलका गाडा त्या चढावर सोडतात. पुढें घोडी धांवते. दुतर्फा माणसांची भिंत उभी असते. आणि दहा-पंधरा सेकंदांत सारें संपतें. ज्याचे सेकंद कमी त्याचा गाडा पहिला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें या शर्यती बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं कांहीं अटींवर त्यांना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तत्संबंधींचा कायदा ग्राह्य धरला. शर्यती असाव्यात कीं नसाव्यात हा वाद आजचा विषय नव्हे. मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, साडेसात वर्षांनीं घाट पुन्हा भरूं लागले तेव्हां मी कॅमेरा घेऊन एका घाटावर उभा राहिलों, आणि संध्याकाळीं घरीं परतलों तों माझ्याजवळ दोनशेंच्या वर चित्रें होतीं. परंतु त्यांत संपूर्ण बैल असा एकहि नव्हता! कांहींत शेपट्या होत्या, कांहींत एखादें चाक होतें, आणि बहुतेकांत नुसती धूळ होती.

दोष कॅमेऱ्याचा असावा अशी माझ्या मनाची प्रथम समजूत झाली. नापास झालेला मुलगाहि आधीं पेनालाच दोष देतो. पुढें शांतपणें त्रैराशिक मांडून पाहिलें. गाडा दृष्टीस पडणें, तो आला हें मेंदूस कळणें आणि बोट हलणें, या तीन क्रियांत माणसाचा सेकंदाचा पांचवा हिस्सा तरी सहज जातो. सेकंदाला दहा मीटर धांवणारा बैल धरला तर तेवढ्यांत तो दोन मीटर पुढें निघून गेलेला असतो. म्हणजे बैल पाहून बोट दाबणाऱ्याला बैल कधींच मिळावयाचा नाहीं. हा हिशेब मीं घरीं बसून केला. पण त्याचें उत्तर मला घाटावरच्या एका वृद्ध गाडामालकानें दिलें. माझी फजिती पाहून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बैलाकडं बघताय. तिथंच चुकतंय. आधी घोडीकडं बघा. घोडी त्या दगडापाशी आली, की तुमची वेळ झाली. बैलामागं पळू नका, बैलाला तुमच्याकडं येऊ द्या."

त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या गृहस्थानें खेळाच्या छायाचित्रणाचें सारें मर्म तीन वाक्यांत सांगितलें. पुढच्या शर्यतीच्या वेळीं मीं वाटेवरचा एक दगड हेरला, कॅमेऱ्याचा फोकस त्या दगडावर आधींच पक्का करून ठेवला, आणि बैलांची वाट न पाहतां घोडीची वाट पाहूं लागलों. घोडी दगडाशीं पोंचली कीं श्वास रोखावयाचा, आणि बैलांची शिंगें चौकटींत शिरण्याच्या किंचित् आधीं बोट दाबावयाचें. त्या दिवशीं मला पहिला संपूर्ण बैल मिळाला.

येथें एका परदेशीय गृहस्थाची आठवण होते. घोडा भरधांव पळत असतांना त्याचे चारी पाय एकदम जमिनीवरून सुटतात कीं नाहीं, हा एके काळीं मोठा वादाचा प्रश्न होता. डोळ्याला तें दिसत नव्हतें. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें कॅलिफोर्नियांत धांवपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनें मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी धांवत आली, तिच्या पायांनीं एकेक दोरा तुटत गेला, आणि एकेक कॅमेरा आपोआप उघडला. चारी पाय सुटतात हें सिद्ध झालें. परंतु चित्रकार पिढ्यान् पिढ्या काढीत आले होते तसे ते पुढेंमागें ताणलेले असतांना सुटत नाहींत, पोटाखालीं गोळा झालेले असतांना सुटतात, हेंहि कळलें. या प्रयोगांतील मला आवडणारी गोष्ट ही कीं, मायब्रिज घोड्यामागें धांवला नाहीं. घोडी कोठें येणार हें त्यानें आधीं ठरविलें आणि तेथें तो तयार राहिला. आमच्या घाटावरील वृद्धाचा सल्ला तोच होता.

कबड्डीचेंहि असेंच आहे. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. त्यांतील बराचसा वेळ खेळाडू नुसता अंदाज घेत असतो, आणि नवशिका छायाचित्रकार तेवढ्यांत वीस चित्रें काढून बसतो. खरें चित्र पुढें असतें. चढाई करणारा गड्याला स्पर्श करून वळतो, मध्यरेषेकडे झेंप घेतो, दोघेतिघे त्याच्या घोट्याला आणि कमरेला लोंबकळतात, आणि त्याचीं बोटें रेघेपासून वीतभर दूर असतात. तें कबड्डीचें चित्र! तें हवें असेल तर मध्यरेषेच्या टोंकाशीं, बाजूला, जमिनीवर बसावें; म्हणजे खेळाडूचा चेहरा आपल्याकडे येतो. उभ्यानें काढलेल्या चित्रांत डोकींच डोकीं दिसतात. आमच्याकडचा एक मुलगा वळण्यापूर्वीं मान उजवीकडे झटकतो. ही त्याची खोड मला ठाऊक आहे, कारण चौथीच्या वर्गांत फळ्याकडे जातांनाहि तो तसाच मान झटकीत असे. दुसऱ्या कोणाला त्याचें चित्र साधत नाहीं, मला साधतें; तें कांहीं माझ्या कॅमेऱ्याच्या किमतीमुळें नव्हे.

आतां यंत्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, नाहीं तर हें सारें प्रवचन होईल. शटर किती वेळ उघडें राहतें यावर खेळाचें चित्र अवलंबून असतें. कबड्डीला सेकंदाचा पांचशेंवा हिस्सा आणि गाड्याला हजारावा हिस्सा ठेवला तर हालचाल गोठून स्पष्ट येते. संध्याकाळीं उजेड कमी झाला तर भिंगाचें तोंड जास्तींत जास्त उघडावें आणि कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता वाढवावी. चित्र थोडें रवाळ होईल, पण रवाळ चित्र हालल्या चित्रापेक्षां शतपटीनें बरें. मात्र एक गंमत ध्यानांत घ्या. हजाराव्या हिश्शानें काढलेल्या चित्रांत चाकाचे आरे इतके स्पष्ट येतात कीं, गाडा भरधांव आहे कीं उभा आहे हें समजत नाहीं. म्हणून कधीं कधीं शटर मुद्दाम मंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या हिश्शावर ठेवावें आणि गाड्याच्या गतीनेंच कॅमेरा बाजूला फिरवीत असतांना बोट दाबावें. बोट दाबल्यावरहि कॅमेरा फिरतच राहिला पाहिजे. मग बैलाचें तोंड स्पष्ट येतें, चाक आणि मागची गर्दी पुसट होते, आणि चित्रांत गति उतरते. हें पन्नास वेळां चुकतें आणि एकदां साधतें. सरावाला बैलगाडाच हवा असें नाहीं. घरासमोरून जाणाऱ्या सायकली पुरेत.

आजचे कॅमेरे बोट दाबून धरलें कीं सेकंदाला दहा दहा, वीस वीस चित्रें काढतात. त्यांचा उपयोग मी नाकारीत नाहीं. परंतु शिकणाऱ्यानें त्यांच्या आहारीं जाऊं नये. वीस उत्तरें लिहून त्यांतलें एक बरोबर निघालें तर तें उत्तर आलें असें आपण मुलाला म्हणत नाहीं. मीं स्वतःला नियम घालून घेतला कीं, एका दिवसांत छत्तीसच चित्रें काढावयाचीं. पूर्वीं फिल्मच्या एका रिळांत तेवढींच मावत. छत्तिसांची मर्यादा आल्याबरोबर डोळा आधीं विचार करूं लागला आणि बोट मागाहून हलूं लागलें.

दुसरा नियम माझ्या जुन्या धंद्यांतला आहे. शुद्धलेखनाच्या चुका उतरून काढण्यासाठीं मी मुलांना एक निराळी वही करावयास लावीत असें; तशी मीं माझी 'चुकांची वही' केली. पानावर तीन रकाने आंखले : चूक, कारण आणि पुढील वेळचा उपाय. चांगलीं चित्रें सगळेच पाहतात. शिकावयाचें असेल तर वाईट चित्रांपाशीं बसावें लागतें. माझ्या वहींत पहिल्या वर्षीं 'उशीर' हा शब्द पानोपानीं होता. दुसऱ्या वर्षीं तो कमी झाला, आणि मला वाटूं लागलें कीं, आपण आतां या विद्येंत वरच्या वर्गांत गेलों.

असो. या खुशींत असतांनाच माझ्या हातून ती दुसरी चूक घडली.

आमच्या आळींत एक आजी राहत असत. त्यांच्या घरीं भिंतीवर आजोबांची तसबीर होती, आजींची नव्हती. एके दिवशीं त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, माझा एक फोटू काढा की. कार्डावरचा हाय, पण तो नगं. त्यात मी चोरटी दिसते." यात्रेची गडबड होती, मला दुपारीं घाटावर जावयाचें होतें. भर बारा वाजतां मीं त्यांना अंगणांत उभें केलें, "हं आजी, हंसा आतां," असें म्हटलें, आणि तीन मिनिटांत सहा चित्रें उरकलीं. ऊन डोक्यावर, पदर डोक्यावर. डोळ्यांच्या जागीं दोन काळे खड्डे पडले. हात शिपायासारखे ताठ. आजींनीं तीं चित्रें पाहिलीं आणि म्हणाल्या, "बरं हाय." नापास मुलाचा निकाल पाहून आईबाप ज्या आवाजांत 'बरं आहे' म्हणतात तोच तो आवाज होता. मीं म्हटलें, "आजी, यात्रा होऊं द्या, मग सावकाश पुन्हा काढूं."

यात्रा झाली. नंतर पंधरा दिवसांनीं आजी गेल्या. घरच्या मंडळींनीं कार्डावरचें तें टिकलीएवढें चित्र मोठें करवून आणलें आणि त्याला हार घातला. दहाव्याच्या दिवशीं मी त्या तसबिरीसमोर बसलों होतों. घरीं येऊन वही उघडली, पण रकान्यांत काय लिहावें हें मला सुचेना. 'उशीर' हा शब्द त्या वहींत पूर्वीं शेंकडों वेळां आला होता. परंतु पुढील वेळचा उपाय म्हणून लिहिण्यासारखें येथें कांहीं नव्हतें.

त्यानंतर मीं माणसाच्या चित्राचा विचार पहिल्यापासून केला. आपल्याकडे ही विद्या लवकर आली. डागेर या फ्रेंच गृहस्थाची युक्ति १८३९ सालीं जगापुढें आली, आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्था निघालीसुद्धां. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील छायाचित्रकार होत. त्या काळीं चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलूं नये म्हणून डोक्यामागें लोखंडी आधार लावीत. कित्येक सेकंद हसरें तोंड कोणी धरून ठेवूं शकत नाहीं. म्हणून जुन्या तसबिरींतील आपले पूर्वज इतके करारी दिसतात. आज शटर डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं मिटतें, परंतु अंगाची संवय राहिली आहे. कॅमेरा समोर आला कीं माणूस अजूनहि छाती काढतो, श्वास धरतो आणि आपण नव्हे असा कोणी तरी होऊन उभा राहतो.

या ताठरपणाला हुकूम लागू पडत नाहीं. 'हंसा' म्हटल्यानें दांत दिसतात, हंसू दिसत नाहीं. त्यावर उपाय वेळाचा आहे. खेळांत क्षणाच्या आधीं पोंचावें लागतें. माणसाजवळ क्षण निघून गेल्यावरहि थांबावें लागतें. मी आतां कोणाच्या घरीं गेलों कीं कॅमेरा प्रथम मांडीवर ठेवतों आणि चहा घेतों. बाई धान्य निवडीत असेल तर तिला निवडूं देतों, आजोबा सुतळी वळीत असतील तर वळूं देतों. कामांत गुंतलेल्या हातांना आपलें काय करावें हा प्रश्न पडत नाहीं. मग विचारतों, "आजोबा, तुमची वरात कशांतून निघाली होती?" कोणी बैलगाडींतून म्हणतो, कोणी पायींच म्हणतो, पण चेहरा जागा होतो. दोनतीन चित्रें काढून 'झालें' असें सांगतों. माणूस श्वास सोडतो, खांदे खालीं येतात, टोपी सारखी करतो. तेव्हां मी जें चौथें चित्र काढतों तेंच बहुतेक वेळां भिंतीवर जातें.

मात्र 'झालें' म्हणून चोरून चित्र काढण्याची ही युक्ति असेल तर ती फसवणूक होय, हें मी जाणतों. म्हणून सर्व चित्रें मी त्या माणसाला दाखवितों, आणि जें त्याला नको तें त्याच्यासमोर पुसून टाकतों. चेहरा त्याचा आहे. माझें फक्त बोट आहे.

उजेडाविषयीं मात्र हयगय करूं नये. दुपारच्या उन्हांत टोपीची, फेट्याची किंवा पदराची सांवली डोळ्यांवर पडते; ती कोणत्याहि यंत्रानें नीट निघत नाहीं. सकाळीं नऊच्या आंत किंवा दिवस कलल्यावर चित्र घ्यावें. दुपारच घ्यावी लागली तर माणसाला ओसरीवर, सांवलीच्या कडेला बसवावें आणि तोंड उजेडाकडे करावें. शहरांतील घरांत खिडकी उत्तम. माणूस खिडकीशीं तिरका बसवावा, आणि अंधाऱ्या बाजूला कोणाला तरी पांढरें धोतर किंवा चादर धरून उभें करावें, म्हणजे चेहऱ्याची काळी बाजू उजळते. फ्लॅश बंद ठेवावा. आमच्याकडे आणखी एक अडचण येते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरें धोतर आणि उन्हांत रापलेला चेहरा! कॅमेरा एवढें पांढरें पाहून बिचकतो आणि सगळेंच चित्र काळपट करतो. अशा वेळीं प्रकाशाचें माप कपड्यांवरून न घेतां चेहऱ्यावरून घ्यावें. फोकस जवळच्या डोळ्यावर असावा. डोळा स्पष्ट असला कीं बाकीचें थोडें पुसट चालतें. मोबाईलनें चित्र काढणाऱ्यांनीं भिंग आधीं रुमालानें पुसावें आणि तोंडाजवळ जाऊं नये. जवळून नाक मोठें व कान लहान येतात. दोन-अडीच मीटर मागें सरावें आणि जवळ आणणारें भिंग असेल तर तें वापरावें. सुरकुत्या पुसणारी जी सोय मोबाईलमध्यें असते ती बंद ठेवावी. त्या सुरकुत्या पडावयास साठ-सत्तर वर्षें लागलेलीं असतात.

धीर धरण्याचा मोठा धडा आपल्याच एका माणसानें घालून दिला आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनांत ते शिकले, आणि चलच्चित्राकडे वळण्यापूर्वीं गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचा धंदाहि केला. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांना माहीत असतो. परंतु त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं केलेला एक छोटा प्रयोग मला अधिक शिकवून जातो. कुंडींत वाटाणा पेरून त्यासमोर त्यांनीं कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडें थोडें चित्रण करून अंकुर वाढतांना दाखविला. घाटावरचा बैल दहा सेकंदांत निघून जातो, आणि वाटाण्याला वाढावयास महिना लागतो. दोघांपुढेंहि कॅमेरा तोच असतो. पाहणाऱ्यानें कोठें घाई करावी आणि कोठें थांबावें एवढेंच शिकावयाचें असतें.

आतां त्या आजींची गोष्ट पुरी करतों. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत मी जुनीं वाया गेलेलीं चित्रें पुन्हा पाहत होतों. त्यांत कबड्डीचें एक चित्र होतें. वहींत त्याची नोंद अशी होती : 'चूक - खेळाडू पुसट. कारण - फोकस मागील गर्दीवर गेला.' खेळाडू म्हणजे आजींचा नातू. तो पुसटच होता. परंतु त्याच्या मागें रेघेपलीकडे बसलेल्या बायका अगदीं स्पष्ट आल्या होत्या, आणि त्यांत आजी होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, एक हात तोंडावर, डोळे नातवावर. घाबरल्या आहेत कीं हंसत आहेत हें सांगणें कठीण. मीं तेवढा भाग मोठा करून घेतला. चित्र रवाळ आलें. एका कोपऱ्यांत परक्या माणसाचें कोपर राहिलें. आजींच्या सूनबाईंना तें नेऊन दिलें. त्या बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "अशाच बघायच्या त्या." कार्डावरची तसबीर उतरली आणि तेथें हें चित्र लागलें. तें माझ्या हातून निघालेलें सर्वांत सदोष आणि सर्वांत उपयोगी चित्र आहे.

परंतु श्रोतेहो, हा योगायोग होता, आणि योगायोगावर कोणतीहि विद्या उभी राहत नाहीं. म्हणून मीं वहीच्या शेवटच्या पानावर गांवांतील वृद्ध माणसांचीं नांवें लिहून काढलीं आहेत, आणि दर आठवड्याला दोन घरीं जातों. कांहीं नांवांपुढें खूण झाली आहे. दोन नांवें, मी पोंचण्यापूर्वींच, खोडावीं लागलीं.

आपणांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आज कॅमेरा आहे. येत्या रविवारीं सकाळीं आपल्या घरांतील सर्वांत वयस्क माणसाला खिडकीशीं बसवा, चहा द्या, त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट विचारा, आणि गोष्ट अर्ध्यावर आली असतांना चित्र काढा. मग तें यंत्रांत पडूं देऊं नका. कागदावर उतरवून घ्या आणि पाठीमागें पेन्सिलीनें नांव, गांव आणि तारीख लिहा. नांव नसलेलीं चित्रें दोन पिढ्यांत अनोळखी होतात. आणि मुलें मैदानावर खेळत असतील तर तेथेंहि जा, जमिनीवर बसा, खेळ समजून घ्या, चुका आणि त्या लिहून ठेवा. शिकावयास वय आड येत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. ज्यांचें चित्र राहून जातें त्यांच्यासाठीं मात्र वेळ थांबत नाहीं.